म्हाताऱ्या मोटारीचं प्रगतीपुस्तक



मागच्या महिन्यात आमच्या नातवाचा फोन आला. "आजोबा, रविवारी गाडी बघायला येता का? तुमच्या जमान्यातली आहे." गाडी होती १९६८ ची मॉरिस मायनर, फिकट निळी. आम्ही लगेच हो म्हटलं. लहानपणी भायखळ्याला आमच्या चाळीखाली एका डॉक्टरांची 'बेबी हिंदुस्थान' उभी असायची. तीही मॉरिस मायनरच, हिंदुस्थान मोटर्सने तिकडे जुळवलेली. तिच्या मडगार्डवरून हात फिरवायला मिळाला तरी आमचा दिवस सोन्याचा व्हायचा.

फोन ठेवला तशी आमच्या घरातून आवाज आला, "१९७९ विसरलात वाटतं?"

विसरलो नव्हतो. त्या साली लंडनमध्ये आम्ही अशीच एक मायनर घेतली होती. रंग चकचकीत, एमओटीचा दाखला तीन आठवड्यांचा ताजा. आम्ही दाखला बघितला आणि पैसे मोजले. दोन महिन्यांनी घराजवळच्या गल्लीत वळताना पुढचं चाक आत दुमडलं आणि गाडी नाकावर बसली. मागच्या सीटवर आमची धाकटी होती, चार वर्षांची. कोणाला खरचटलंदेखील नाही, पण पाचच मिनिटांपूर्वी आम्ही नॉर्थ सर्क्युलर रोडवर भरधाव होतो. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

तेव्हा बालदोस्तांनो, एमओटी म्हणजे काय ते आधी सांगतो. इंग्लंडात १९६० साली वाहतूक खात्याने, म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टने, जुन्या गाड्यांची तपासणी सुरू केली. त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. सुरुवातीला दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघत. १९६७ पासून तीन वर्षं झालेल्या गाडीलाही दरवर्षी तपासणी आली. पण दाखला सांगतो तो फक्त त्या दिवसापुरता. डॉक्टरांनी आज नाडी बघितली म्हणून उद्या ताप येणार नाही असं थोडंच आहे!

पूर्वी हा एक कागदच हाती असायचा. आता सरकारने २००५ पासूनच्या तपासण्या सगळ्यांना बघायला ठेवल्या आहेत. गाडीचा नंबर घातला की पास-नापास, मीटरवरचे मैल आणि तपासनिसाचे शेरे, सगळं फुकट दिसतं. शाळेचं प्रगतीपुस्तकच म्हणा ना. फक्त 'पास' बघू नका, शेरे वाचा. शेरा म्हणजे "आज चालेल, पण लक्ष ठेवा."

नातवाने ते उघडलं आणि आम्ही चष्मा लावून बसलो. २०१० ला शेरा: मागच्या स्प्रिंगचे पाटे गाडीच्या अंगाला जिथे बसतात तिथे गंज. २०१२ ला तोच शेरा. २०१४ ला त्याच कारणाने नापास, चार दिवसांनी पास. २०१६ ला "गाडीच्या पोटाला काळा लेप दिलेला, खालचं दिसत नाही." २०१७ ला पास. त्यानंतर पान कोरं.

कोरं का? २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला, तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर, एमओटीची सक्ती राहिली नाही. म्हणजे म्हातारपणी, जेव्हा डॉक्टरची खरी गरज, तेव्हाच तपासणी सुटली! कायदा एवढंच सांगतो की गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. धोकादायक गाडी चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. विकणारा "एमओटी माफ आहे" म्हणाला तर त्याचा अर्थ "गाडी ठणठणीत आहे" असा घेऊ नका. कोणी बघितलीच नाही, एवढाच तो अर्थ.

मैलही बघा. २०१४ ते २०१७ मध्ये ही गाडी जेमतेम सव्वाशे मैल चालली होती. कमी चाललेली म्हणजे चांगली, असं आपल्याला वाटतं. पण उभ्या गाडीचे ब्रेक अडकतात, रबरी नळ्यांना भेगा पडतात, टायर वरून नवे दिसले तरी आतून म्हातारे होतात.

रविवारी गेलो तेव्हा खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक होतं, कापडात गुंडाळलेलं. दाराखालच्या पट्टीवर फिरवलं. दोन ठिकाणी चिकटलं, तिसऱ्या ठिकाणी नाही. तिथे पत्रा नव्हता, रंगाखाली पुट्टी होती. मायनरचं दुसरं दुखणं पुढच्या चाकात: ट्रनियन नावाचा सांधा. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर तो झिजतो आणि एक दिवस निसटतो. १९७९ ला आमचा तोच निसटला होता. लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर घेणार असाल तर लाकूडही टोचून बघा. ते शोभेचं नाही, त्यावरच मागचा भाग उभा असतो. लॉगबुकातला चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. आणि लॉगबुकात नाव आहे म्हणून तो माणूस मालक ठरत नाही. खरेदीची पावती मागा.

आम्ही विकणाऱ्याला म्हटलं, "सक्ती नसली तरी एमओटी करून घेऊ या, खर्च आमचा." मोटारीला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड लागतात. गृहस्थ भला, तयार झाला. निकाल नापास: मागच्या दोन्ही जागा कुजलेल्या, ट्रनियन झिजलेलं. त्याचाच चेहरा उतरला. बिचाऱ्याने दोन वर्षांपूर्वी तीच गाडी रंग बघूनच घेतली होती.

नातू घरी येईपर्यंत गप्प होता. आम्हालाही वाईट वाटलं, तो निळा रंग अजून डोळ्यांपुढे आहे. पण तीन आठवड्यांनी त्याला दुसरी मिळाली. राखाडी, रंग उडालेला, सीट फाटकी. मालकीणबाई मात्र सक्ती नसतानाही दरवर्षी एमओटी करत होत्या, आणि प्रत्येक शेऱ्यापुढे दुरुस्तीची पावती फायलीत लावलेली. तीच घेतली. परवा तो आजीला तीत बसवून घेऊन गेला, आणि आजी काही न बोलता बसली!

बालदोस्तांसाठी कोडं: जुन्या मायनरच्या मैलांच्या मीटरवर पाचच आकडे असतात, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. एका वर्षी मीटर ९८,७०० आणि पुढच्या वर्षी ४०० दाखवतं. मीटर एकदाच फिरलं असेल तर गाडी किती मैल चालली? उत्तर आजी-आजोबांना विचारू नका, त्यांना विचारून बघा येतं का! बरोबर उत्तर पुढच्या अंकात.