१९४२ : भिवपुरीचे मनोरे यादीबाहेर का?

१/ ‘वर्षातील ठळक राष्ट्रीय घटना’ अशा याद्या आपण आवडीने वाचतो. १९४२ची यादी घ्या : फेब्रुवारीत सिंगापूरचा पाडाव, मार्चमध्ये रंगूनचा, क्रिप्स शिष्टाई, ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव, ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना अटक. त्यापुढचे पान बहुधा कोरे असते. माझा आक्षेप त्या कोऱ्या पानाला आहे.

२/ नेते गजाआड गेले म्हणून चळवळ थांबली नाही. ती डोंगरात शिरली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कर्जतच्या परिसरात, माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला.

३/ या परिसराचे महत्त्व समजून घ्या. आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडी धरणात अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडतात आणि त्यावर भिवपुरीत १९२२पासून वीज निर्माण होते. शेजारचे खोपोली केंद्र १९१५चे. ही वीज मुंबईच्या गिरण्या चालवी, आणि युद्धकाळात त्याच गिरण्या लष्करासाठी कापड विणीत होत्या. दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. साम्राज्याची नस कुठे आहे, हे त्या तरुणांनी अचूक ओळखले होते.

४/ ‘हा तर केवळ स्थानिक उपद्रव,’ असे कुणी म्हणेल. मग सरकारने त्यासाठी रानोमाळ शोध का घेतला? अहिंसेच्या कसोटीवर या मार्गाची चिकित्सा अवश्य करावी. परंतु चिकित्सा नोंदलेल्या घटनेचीच होऊ शकते. वगळणे हा निवाडा नव्हे, तो आळस आहे.

५/ २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील यांना वीरमरण आले. १९४२ची यादी तोवर मिटलेली असते. १९४३च्या यादीत बंगालचा दुष्काळ आणि सिंगापुरातील आझाद हिंद सरकार येते, आणि ते यायलाच हवे. पण दोन वर्षांच्या फटीत सिद्धगड हरवतो. दिनदर्शिका ही सोय आहे. तिला इतिहास ठरवू देऊ नका.

६/ म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी १९४२ची यादी कराल तेव्हा ९ ऑगस्टपाशी लेखणी ठेवू नका. खाली आणखी एक ओळ लिहा : कर्जत परिसर, आझाद दस्ता, मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे. सिंगापूर आणि रंगून यांच्याच पंक्तीत ती शोभेल.