दयेचे सतरा तास

ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या एका बड्या बँकेत उन्हाळी उमेदवारी करणारा २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी राहत्या जागी मृतावस्थेत आढळला. मृत्यू अपस्माराच्या झटक्याने झाला. अतिश्रमाने तो ओढवला असणे शक्य आहे, पण सिद्ध होत नाही, असा निर्वाळा मृत्यूच्या चौकशीत मिळाला.

या पेढ्यांतील एक रिवाज तेव्हा कुप्रसिद्धच होता. पहाटे टॅक्सी उमेदवाराला घरी नेई, त्याचे स्नान होईतो दाराशी थांबे आणि त्याला परत कचेरीत आणून सोडी. ब्रिटनमध्ये ४८ तासांच्या आठवड्याचा कायदा आहे. परंतु ‘स्वेच्छेने’ सही करून तो हक्क सोडण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. कायम नोकरीच्या आशेवर राबणाऱ्या विद्यार्थ्याची स्वेच्छा ती कसली?

२०१५ साली गोल्डमन सॅक्सने मोठ्या औदार्याने नियम केला: उमेदवारांनी मध्यरात्रीपूर्वी कचेरी सोडावी, सकाळी सातपूर्वी परतू नये. म्हणजे सतरा तास राबण्याची मुभा! शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले, ते या दानासाठी काय? दयेने दिलेले तास मालक केव्हाही परत घेतो. पांढरपेशा उमेदवारानेही आता स्वतःला कामगार म्हणावे आणि संघटनेची वाट धरावी.