सासूबाई घास का गिळत नाहीत?

मैत्रिणींनो,

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचं पत्र आलं. घाईघाईत, बहुधा दुपारची झाकपाक झाल्यावर लिहिलेलं. ती लिहिते, "माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दोन-तीन वर्षांपासून फार विसरतात. आता नवीनच सुरू झालंय. घास तोंडात घेतात आणि गालात धरून तशाच बसून राहतात. पाणी दिलं की ठसका लागतो. एकेक जेवण तासभर चालतं. नणंद म्हणते, तू नीट भरवत नाहीस. मला वाटतं, त्या मुद्दाम करतात. ताई, खरं काय ते तुम्हीच सांगा."

खरं सांगू? नणंदही चुकते आहे आणि तूही. हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. "आई, नाटकं नका करू, गिळा बघू पटकन, मला उशीर होतोय," असं मी माझ्या सासूबाईंना म्हणाले होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. घास गालात तसाच. त्या वर्षात त्यांना दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "जेवताना खोकतात का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवताना खोकणं आणि छातीत कफ होणं यांचा संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

गिळणं म्हणजे काय, याचा आपण कधी विचारच करत नाही. घास चावायचा, लाळेत कालवायचा, त्याचा गोळा करून जिभेने मागे ढकलायचा. इथवरचं काम आपल्या इच्छेने होतं. पुढचं आपोआप. क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेत उतरतो. झाकण पडायला जरा उशीर झाला की घोटभर पाणी चुकीच्या वाटेने जातं. तोच आपला ठसका.

आता पहिल्या भागाला लागतं अवधान. तोंडात घास आहे, तो चावायचा आहे, आता मागे न्यायचा आहे, हे मेंदूला उमगायला हवं. स्मृतिभ्रंशात नेमकं तेच निसटतं. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं. तेव्हापासून आपण त्याला 'विसरण्याचा आजार' समजतो. पण नुसती नावं आणि किल्ल्या विसरण्यापुरता तो थांबत नाही. लक्ष एका जागी ठेवणं आणि हालचाली क्रमाने करणं हेही हळूहळू कठीण होत जातं. बाई घास गालात धरून बसते ती हट्टाने नव्हे. पुढे काय करायचं तेच तिला सुचत नाही.

हे एखाददुसऱ्या घरातलं दुखणं नाही, बरं का. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे ७ जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या वृद्धाश्रमांतल्या, आजार फार पुढे गेलेल्या ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. शंभरातल्या ८६ जणांना खाण्यापिण्याची अडचण आली, ४१ जणांना न्यूमोनिया झाला. तेव्हा पत्र लिहिणारे मैत्रिणी, तुझ्या हाताला दोष देऊ नकोस. आजाराची वाटच अशी आहे. पण त्या वाटेवर आपल्याला करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बसणं. आजींना ताठ बसवूनच भरवा. आडवं ठेवून चमच्याने औषधसुद्धा देऊ नका. जेवण झाल्यावरही अर्धा तास बसूनच राहू द्या. आणि ठसका लागला की आपण 'वर बघा, वर बघा' म्हणतो ना, ते आजपासून सोडा. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट अधिकच मोकळी होते. भांडं उंच धरून वरून पाणी ओतायची सवयही याच कारणाने नको. मान सरळ, पेला ओठांना लावून, एकेक घोट.

दुसरी गोष्ट म्हणजे शांतता. आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची, जेवताना बोलू नये. ते या आजारात अगदी लागू पडतं. टीव्ही बंद, मोबाईल दूर, नातवंडांचा दंगा पलीकडच्या खोलीत. ताटात पाच पदार्थ मांडू नका, एका वेळी एकच. समोर बसा, म्हणजे त्यांची नजर तुमच्याकडे राहील. उभ्याने भरवलं की त्यांना मान वर करावी लागते. लहान चमचा घ्या. एक घास पूर्ण उतरला, गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसली, की मगच दुसरा. घास तोंडात अडकून राहिला तर रिकामा चमचा हळूच ओठांना लावा आणि शांतपणे म्हणा, "आई, गिळा." माझ्याकडे पुष्कळदा एवढ्याने काम झालं. झोपेच्या गुंगीत मात्र कधीही भरवू नका.

तिसरी गोष्ट ताटलीची. २००४ साली बोस्टनच्याच संशोधकांनी अल्झायमर झालेल्या नऊ पुरुषांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटलीत आणि पेल्यात जेवण दिलं. त्यांचं खाणं सरासरी पाव हिश्शाने वाढलं आणि पिणं तर ८४ टक्क्यांनी. माणसं नऊच, तेव्हा हा काही अखेरचा शब्द नव्हे. पण पांढरा दहीभात पांढऱ्या ताटलीत आजींना नीट दिसतच नसेल, हे आपल्याला तरी कुठे सुचलं होतं? एक लाल वाटी आणून बघा. खर्च तो काय!

चौथी गोष्ट पदार्थांची. चिवडा, चुरमुरे, कोरडी पोळी आता नको. त्याचे कण घशात भुरभुरतात. दुधात पोळीचे तुकडे टाकून देण्याची आपली रीत आहे, पण त्यात पातळ दूध पुढे पळतं आणि तुकडा मागे राहतो. दोन्ही एकदम सांभाळणं दुबळ्या घशाला जड जातं. त्यापेक्षा मुगाची मऊ खिचडी तूप घालून एकजीव घोटलेली, नाचणीची लापशी, पिकलेलं केळं कुस्करून. पाणी घट्ट करून द्यावं का? हे मात्र मनाने ठरवू नका. २००८ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात घट्ट केलेलं पेय श्वासनलिकेत कमी जातं असं दिसलं. पण पुढे तीन महिने लक्ष ठेवलं, तर न्यूमोनिया काही ठळकपणे कमी झाला नव्हता. उलट घट्ट पेय घेणाऱ्यांच्या अंगात पाणी कमी पडण्याचं प्रमाण जास्त होतं. त्यासाठी गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात. मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

पाचवी गोष्ट सगळ्यात स्वस्त, आणि आपण सगळ्याच ती विसरतो. तोंड स्वच्छ ठेवणं. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं काही जणांचे दात आणि तोंड रोज जेवणानंतर साफ केलं. २००२ साली निकाल आला. त्यांच्यात न्यूमोनिया शंभरात ११ जणांना झाला, बाकीच्यांत १९ जणांना. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात ना! दात नसले तरी हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. गालात घास उरला नाही ना, तेही बघा.

डॉक्टरांकडे कधी जायचं? जेवताना वारंवार खोकला, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा होणं, पुन्हा पुन्हा ताप, घटणारं वजन. काहींना तर पाणी श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच लागत नाही, म्हणून या खुणा महत्त्वाच्या. आणि एक-दोन दिवसांतच आजी एकदम बरळू लागल्या, लक्ष अजिबात लागेना, तर 'आजार वाढला' म्हणून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा अंगातलं पाणी कमी होणं असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. झोपेच्या आणि मन शांत करण्याच्या गोळ्यांनीही गिळणं मंदावतं. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. घास पूर्ण अडकला, बोलता-खोकता येईना, तर पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा आणि दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन करायला सांगा.

शेवटी एक अवघड गोष्ट. आजार फार पुढे गेला की नळीने अन्न देण्याचा विषय निघतो. घरातले नातेवाईक म्हणतात, "उपाशी ठेवणार का?" आमच्याकडेही म्हणाले. अशा टप्प्यावरच्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१४ साली सांगितलं की, अशा रुग्णांना नळीऐवजी हाताने, जपून भरवावं. आम्ही डॉक्टरांशी बोलून तेच केलं. मऊ भाताचे पाच-सहा चमचे, जेवढे त्यांना हवे तेवढे. निर्णय प्रत्येक घराने आपल्या डॉक्टरांबरोबर घ्यावा. पण तो सुनेच्या एकटीच्या माथी मारू नये.

आणि भरवणंही एकटीच्या माथी नको. तासभराचं जेवण, दिवसातून तीन वेळा. हे एका बाईच्या अंगावर पडलं की तिचा आवाज चढणारच. तो माझा चढला होता, तुमचाही चढेल. रविवारी मुलाने आईला भरवावं. नणंद आली की चमचा तिच्या हाती द्यावा. टोमणा म्हणून नव्हे हं, मदत म्हणून! एकदा स्वतः भरवलं की 'तू नीट भरवत नाहीस' हे वाक्य कोणी पुन्हा म्हणत नाही.

शेवटच्या महिन्यांत माझ्या सासूबाईंना माझं नाव आठवत नव्हतं. पण मी घाई न करता समोर बसले की त्या तोंड उघडायच्या. एवढी ओळख मला पुरली.

तुमच्या घरी काय अनुभव आहे? जरूर कळवा.

तुमची ताई