सागाचा खांब मातीचा होतो तेव्हा

सबमिशन जवळ आलं की सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या मुलांचे लॅपटॉप रात्री दोन-तीनपर्यंत चालू असतात. त्यातल्या एखाद्या ग्रुपला ‘जुन्या वाड्याचं डॉक्युमेंटेशन’ हा विषय मिळालेला असतो. टेप घेऊन सगळे वाड्यात जातात, ओसरीवर सेल्फी होतात, मापं घेतली जातात आणि मग रेव्हिट उघडतं. भिंत दीड फुटाची? घ्या ‘जेनेरिक’ भिंत, जाडी टाका ४५० मिलिमीटर, ओढा रेघ. अर्ध्या तासात वाडा तयार. दिसतोही झकास, पण त्यात लाकूडच नसतं!

जळगाव-धुळ्याकडची जुनी घरं आठवून बघा. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि त्यावर मातीचं जाडजूड धाबं. बऱ्याच घरांत हे ओझं लाकडी सांगाडाच पेलतो. भिंत खांबांच्या मधली जागा भरते, ऊन अडवते. म्हणून तर घर फुटांत नाही, खणांत मोजायचे. एका म्हाताऱ्या मिस्तरींनी मला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं, ‘‘भीत पडनी तरी घर उभं ऱ्हास.’’

आता सॉफ्टवेअरचं बघू. रेव्हिटमध्ये भिंत म्हणजे थरांची चळत. बाहेरचा गिलावा, मधला गाभा, आतला गिलावा. त्यात लाकडी सांगाड्याची तयार भिंतही मिळते, पण ती अमेरिकेतली. तिकडे ‘दोन बाय चार’ म्हणवणाऱ्या, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असलेल्या पट्ट्या दर १६ इंचांवर उभ्या करतात. १६ का? तर पत्रा (म्हणजे प्लायचा, टिनाचा नव्हे) चार फूट रुंद असतो आणि तीन गाळ्यांनंतर त्याची कड बरोबर पट्टीवर येते. सॉफ्टवेअर या पट्ट्या एकेक करून दाखवतही नाही, सगळ्यांचा मिळून एक थर धरतं. तिकडे ते चालून जातं. आपल्या वाड्यात मात्र खांब मोजकेच, जाड आणि लांब-लांब. त्यांचा ‘थर’ करता येत नाही.

मग हुशार मुलं काय करतात? भिंत काढून तिच्यात कॉलम बसवतात. इथे खरी फसगत आहे. ‘आर्किटेक्चरल कॉलम’ भिंतीला जोडला की तो भिंतीचंच मटेरियल उचलतो. सातपुड्यातल्या सागाचा खांब स्क्रीनवर मातीचा होऊन जातो! त्यासाठी ‘स्ट्रक्चरल कॉलम’च घ्यायला हवा. आधी खणांप्रमाणे ग्रिड आखायची, खांब-तुळया उभ्या करायच्या, त्यांना लाकूड द्यायचं आणि सगळ्यात शेवटी मधल्या भिंती भरायच्या. भार न घेणाऱ्या भिंतींना तशी नोंद करायची. म्हणजे घर ज्या क्रमाने बांधलं, त्याच क्रमाने मॉडेल.

आणि हो, सगळ्या घरांत असं नसतं. कित्येक ठिकाणी तुळईचं एक टोक खांबावर आणि दुसरं थेट बाहेरच्या भिंतीवर टेकलेलं असतं. तिथे भिंतही भार घेते. हे कुठल्याही लायब्ररीत सापडणार नाही. शिडी लावून, टॉर्च मारूनच बघावं लागतं.

एवढी कटकट कशाला, मार्क तर तेवढेच मिळणार, असं म्हणाल. पण बाजारपेठेतल्या जुन्या घरांचं काय होतंय ते बघा. खाली दुकान काढायचं, शटरला रुंदी हवी, मधला खांब नडतो. नकाशात तो दिसत नाही, किंवा शोभेचा वाटतो. कापला जातो. वर मातीचं धाबं तसंच असतं. दुसरीकडे, पावसात भिंतीला फुगवटा आला की ‘वाडा धोकादायक’ म्हणून सांगाड्यासकट सगळं उतरवलं जातं आणि सागवान विकलं जातं. नुसती मधली भिंत नव्याने भरून भागलं असतं का, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. तो पडण्यासाठी सांगाडा कागदावर दिसायला हवा. बऱ्याच घरांचा असा कागद एकच असणार आहे, तुमचं सबमिशन.

लाकूड-माती म्हणजे मागास, असंही काहींना वाटतं. अमेरिकेतली बहुतेक स्वतंत्र घरं आजही लाकडी सांगाड्याचीच असतात. आणि लांब कशाला, आपल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, जवळपासच्या साहित्यातून अख्खं नगर सजवलं होतं.

कॉलेजांकडे एकच मागणी. वाड्याचं मॉडेल तपासताना भिंती ‘हाइड’ करायला सांगा. नुसते खांब, तुळया, कड्या उरल्या तर मार्क द्या. स्क्रीन रिकामी दिसली तर त्या ग्रुपला टॉर्च देऊन परत वाड्यात पाठवा. दुपारी पाठवलंत तरी चालेल. मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री असताना धाब्याखाली काय वाटतं, तेही कळेल.