यंत्राची साक्ष कोणासाठी?

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी प्रवासी बस नाशिक येथे मालट्रकवर आदळली आणि पाहता पाहता पेटली. त्या आगीत १२ माणसे मरण पावली. पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणारी आपली माणसे रात्रीच्या अशाच बसमध्ये बसतात, हे यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांस आम्ही सांगावयास नको. या घटनेस वर्षही लोटले नाही तोच, १ जुलै २०२३ रोजी, नागपूरहून पुण्यास जाणारी दुसरी एक बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजानजीक उलटून पेटली व २५ जीव गेले. टायर फुटल्यामुळे असे झाले, असे त्या बसच्या चालकाने सांगितले. परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते नाकारले. ज्यांनी खरे काय ते सांगावयाचे, त्या प्रवाशांची तर ओळखही पटेनाशी झाली होती.

अपघाताच्या प्रत्येक खटल्यात थोड्याफार फरकाने हीच अडचण येते. मेलेला मनुष्य बोलत नाही. वाचलेला चालक भ्यालेला असतो, मालक जबाबदारी टाळू पाहतो आणि विमा कंपनीचा वकील मृताच्याच माथी दोष मारतो. अखेर न्यायाधिकरणापुढे एक विधवा उभी राहते. आपला नवरा सायकलवरून शेतातून घरी येत होता, एवढेच तिला ठाऊक. अपघात काही तिने डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ‘तो एकाएकी आडवा आला,’ असे समोरून कोणी म्हटले व ते ग्राह्य धरले गेले, की तिच्या नुकसानभरपाईतून मृताच्या कथित निष्काळजीपणाचा वाटा कापला जातो. तिच्या मुलांच्या तोंडचा घास अशा रीतीने एका वाक्यावर अवलंबून राहतो.

परंतु वाचकहो, हल्लीच्या गाडीत आणखी एक साक्षीदार बसलेला असतो आणि त्याची ओळख आपण करून घेतली पाहिजे. मोटारीतील एअरबॅग केव्हा उघडावी हे ठरविणारी एक लहानशी पेटी गाडीत बसविलेली असते. जोराचा धक्का बसताच अनेक गाड्यांतील ही पेटी त्यापूर्वीच्या सुमारे पाच सेकंदांचा हिशेब आपल्या स्मृतीत साठविते: वेग किती होता, ब्रेकवर पाय पडला होता की नाही, ॲक्सिलरेटर किती दाबलेला होता, पट्टा बांधलेला होता काय. ट्रक व बसच्या इंजिनावर हुकमत चालविणाऱ्या संगणकातही एकाएकी लागलेल्या ब्रेकच्या नोंदी राहू शकतात. चालकाचा मोबाईल गाडीतील पडद्याच्या यंत्राशी जोडलेला असेल, तर कोणता फोन केव्हा आला, गाडी कोठे गेली, याचाही माग कित्येकदा तेथे सापडतो. त्यामुळे खून, अपहरण व चोरी यांच्या तपासातही गाडीची स्मृती वाचली जाऊ लागली आहे.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सीसारख्या सार्वजनिक प्रवासी वाहनांस जीपीएस यंत्र व संकटसमयी दाबावयाचे बटण यांची सक्ती आहे. हे यंत्र गाडीचा ठावठिकाणा दूरच्या संगणकाकडे सतत धाडीत असते. गाडी जळून कोळसा झाली तरी धाडलेली नोंद जळत नाही. फास्टॅगचेही तसेच आहे. केळापूरच्या टोलनाक्यावरून गाडी किती वाजता सुटली आणि पुढील नाक्यावर किती वाजता पोचली, यावरून तिच्या सरासरी वेगाचे गणित शाळकरी मुलगाही मांडू शकेल.

या साक्षीचे मोल महाराष्ट्राने पाहिलेले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मर्सिडीज गाडीस अपघात झाला. त्यात ते व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. थोड्याच दिवसांत गाडीच्या कंपनीने पोलिसांस कळविले की, आदळण्यापूर्वी पाच सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता, मग ब्रेक लागला आणि आदळताना तो ८९ किलोमीटर होता. मृत्यूचे सत्य कळणे हा त्या कुटुंबाचा हक्कच होता. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हा हक्क सर्वांचा आहे की मोठ्या गाडीतून जाणाऱ्याचाच? टाळेबंदीच्या दिवसांत, १९ मे २०२० रोजी, सोलापूरकडून निघालेल्या स्थलांतरित मजुरांची बस आर्णी तालुक्यात कोळवनजवळ मालवाहू गाडीवर आदळली आणि ४ जण मेले. त्यांच्या घरच्यांपैकी कितीजणांनी गाडीतील नोंदी मागितल्या असतील? त्या मागता येतात, हे तरी त्यांस कोणी सांगितले असेल काय?

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांस अटक झाली. माणसाच्या हातून जाणाऱ्या पुराव्याची अशी दशा होऊ शकते, म्हणून यंत्राच्या पुराव्याकडे लोक आशेने पाहतात. परंतु येथे भोळेपणा कामाचा नाही. यंत्रास लाच देता येत नसली, तरी यंत्र ज्याच्या कुलपात आहे त्यास ती देता येते. आणि लाचेवाचूनही, निव्वळ हयगयीने, ही साक्ष नाहीशी होते.

ती कशी, हे नीट समजून घ्या. अपघातानंतर गाडी ठाण्यात आणली जाते, पंचनामा होतो, छायाचित्रे घेतली जातात आणि मालकाने अर्ज केला की ती सुपूर्दनाम्यावर त्यास परत मिळते. सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की, वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत. पंचनामा व छायाचित्रे करून ती लवकर परत करावीत. हे योग्यच आहे. परंतु छायाचित्रात पत्र्याचा पोचा दिसतो, पेटीची स्मृती दिसत नाही. गाडी परत गेली, दुरुस्त झाली, पेटी बदलली, की साक्षीदार कायमचा गेला. एअरबॅग उघडली असेल तर नोंद सहसा पक्की राहते. पण उघडली नसेल तर पुढील वापरात तीवर दुसरी नोंद चढू शकते. म्हणून अशी गाडी उगाच चालू करून पाहणे म्हणजे पुराव्यावर बोळा फिरविण्यासारखे आहे. पेट्रोल पंपावरील व धाब्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रणही थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते.

कायदा या बाबतीत मुका नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे ६३ वे कलम इलेक्ट्रॉनिक नोंदीस पुरावा मानते. मात्र तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र हवे. नोंदीची नक्कल मूळाबरहुकूम आहे हे दाखविणारा, हॅश म्हणून ओळखला जाणारा, गणिती ठसाही त्या प्रमाणपत्रात द्यावा लागतो. एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. हे प्रमाणपत्र अत्यावश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली १४ जुलै २०२० रोजी दिला होता, आणि तो आपल्याच जालना मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात. त्याच निर्णयातील दुसरा भाग गरिबाच्या अधिक उपयोगाचा आहे. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागविता येते. म्हणजे मालकाने किंवा कंपनीने नकार दिला म्हणून दार बंद होत नाही.

आता चालकाविषयी. आपल्या वाचकांत चालक व क्लीनर आहेत, त्यांची मुलेबाळे आहेत. ही यंत्रे आपणांस तुरुंगात धाडण्यासाठीच आली आहेत, अशी त्यांची भीती असेल. चुकणाऱ्या चालकास ती सोडणार नाहीत, हे खरे. परंतु ज्या नोंदीत अखेरचे पाच सेकंद आहेत, तिच्या शेजारी जीपीएसची नोंद ठेवून पाहा. गाडी सलग किती तास धावत होती, चालकास झोपेपुरता थांबा मिळाला होता काय, हे त्यातून दिसते. चालकाने दिवसाकाठी आठ तासांहून अधिक काम करू नये, अशी मर्यादा मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ सालीच घातली होती. वणीच्या कोळशाच्या फेऱ्या असोत की रात्रीच्या खासगी बसेस, चालकाच्या डोळ्यांवरील झापडीस जबाबदार कोण, याचा जाब मालकास विचारावयाचा असेल, तर चालकाच्या तोंडच्या शब्दापेक्षा ही नोंद भारी ठरेल. निर्दोष चालकास जमावाच्या व खटल्याच्या तावडीतून सोडविणारी साक्षही हीच आहे.

मात्र यंत्राची पूजा मांडू नये. चाक घसरत असेल तर चाकावरून मोजलेला वेग खरा नसतो. जुन्या गाड्यांत व कित्येक स्वस्त वाहनांत अशी पेटीच नसते. रस्त्यावरील चाकांच्या खुणा, पत्र्याचा पोचा, जखमांचा अहवाल व माणसांची साक्ष यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून कोणतीही नोंद अखेरची मानणे धोक्याचे आहे. शिवाय जी नोंद अपघाताचे सत्य सांगते, तीच मनुष्य कोठे गेला, कोणास भेटला, कोणत्या सभेस हजर राहिला हेही सांगते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. म्हणून तपास घटनेपुरताच असावा, लेखी आदेशाने व्हावा आणि कोणी काय वाचले याची नोंद राहावी. पीडितांच्या हक्काचे साधन पाळतीचे साधन होऊ देता कामा नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. गंभीर अपघातातील गाडी मालकाच्या हवाली करण्यापूर्वी तीत नोंदपेटी व जीपीएस आहे काय, हे पंचनाम्यात लिहावे व त्यातील नोंदींची प्रमाणित नक्कल घ्यावी. अमरावती व नागपूर येथील न्यायसहायक प्रयोगशाळांत या कामाची साधने व शिकलेली माणसे असावीत आणि यवतमाळच्या तपासास महिनोन्‌महिने ताटकळावे लागू नये. निघालेल्या निष्कर्षाची प्रत मृताच्या वारसांस, त्यांनी न मागता, मराठीत मिळावी.

परंतु शासन जागे होईपर्यंत आपण झोपून राहावयाचे नाही. गावात असा प्रसंग ओढवला, तर शिकलेल्या तरुणाने अंत्यविधी उरकताच पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज द्यावा: ‘सदर वाहनातील सर्व इलेक्ट्रॉनिक नोंदी, जीपीएसची माहिती, फास्टॅगच्या वेळा व वाटेतील कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे, नोंदींची नक्कल घेतल्याखेरीज वाहन सोडू नये.’ त्याची प्रत वाहनमालकास, विमा कंपनीस व परिवहन कार्यालयास धाडावी आणि प्रत्येकाची पोच जपून ठेवावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके यांस उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. ती भीक नव्हे. भीड धरून तेथून परत फिरू नये.

ज्या समाजाची साक्ष पिढ्यान्‌पिढ्या कोणी खरी मानली नाही, त्याने लेखी पुराव्याची किंमत इतरांहून अधिक ओळखली पाहिजे. पुढच्या अपघाताची वाट न पाहता, हा अर्ज आजच एका कागदावर उतरून गावच्या वाचनालयात वा विहारात लावून ठेवा. ज्या घरावर तो लिहिण्याची पाळी येईल, त्या घरात त्या दिवशी कोणाचाही हात चालत नसतो.