तारा चढवल्यावर पुढे काय?

किटमधून इलेक्ट्रिक गिटार जोडणारे हौशी लोक आता दुरुस्तीसाठी आपल्या दुकानांत येऊ लागले आहेत. बॉडी घासली, रंग दिला, नेक आवळली, तारा चढवल्या. पण पहिल्या फ्रेटवर एफ धरताना बोटे दुखतात आणि सूरही चढा लागतो. अशा वाद्याकडे पाहून ‘त्यापेक्षा तयार घ्यायची होती’ असे सुनावणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते चुकत आहेत, असे आमचे मत आहे.

सुटे भाग जोडून तयार होणे हा या वाद्याचा मूळ स्वभावच आहे. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना गिटार वाजवता येत नसे. पण बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता आला पाहिजे, ही दुरुस्तीवाल्याची दृष्टी त्यांनी गिटारमध्ये आणली. 1950 साली बाजारात आलेल्या आणि पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखल्या गेलेल्या त्यांच्या गिटारची नेक सरसाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. आजची कितीतरी किट तिच्याच किंवा 1954च्या स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाची असतात. एडी व्हॅन हेलन यांनी तर स्वस्तात मिळालेल्या सदोष बॉडीला वेगळी घेतलेली नेक जोडून आपली गिटार घडवली. 1978च्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तीच त्यांच्या हातात दिसते.

नवख्याचे चुकते ते क्रमात. त्याचा सगळा धीर रंगात संपतो आणि किटमधले माहितीपत्रक तारा चढल्या की थांबते. रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा पूर्ण कोरडी जुळणी झालीच पाहिजे. नेक बसवायची, दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणायचा, तो नेकच्या दोन्ही कडांपासून सारखा राहतो का पाहायचे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजायचे; साडेपंचवीस इंची स्केलला ते सुमारे 324 मिलिमीटर भरते. तेवढेच अंतर पुढे बारीक ई तारेच्या सॅडलपर्यंत मिळाले, तरच ब्रिजची भोके पाडायची. रंगवताना नेकच्या खोबणीत टेप लावायची, नाहीतर रंगाच्या थराने नेक नीट बसतच नाही.

खरी परीक्षा मात्र नटची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर पाहा. तिथे जेमतेम केसाएवढी फट हवी. किटमध्ये ती बहुधा कितीतरी जास्त असते. एफ अवघड जातो आणि चढा लागतो तो यामुळेच. आधी तारा सुरात लावून ट्रस रॉड पाहायचा, कारण सहा तारांची मिळून सुमारे 45 किलोची ओढ नेकवर असते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग बारीक कानस घेऊन, खाचेचा उतार हेडस्टॉककडे ठेवून, दोन हात मारायचे, तार पुन्हा सुरात आणायची, फट पुन्हा पाहायची. खाच खोल गेली तर मोकळी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो. मिरजेत सतारीच्या घोडीवर जवारी काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथेही कानशीचा एक हात जास्त पडला की आवाज हातचा जातो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे: हे काम गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उरकून देऊ नका. त्याला शेजारी बसवा, कानस त्याच्या हातात द्या, सेटअपची नेहमीची मजुरी घ्या. यामुळे धंदा बुडण्याची भीती निराधार आहे. फ्रेट एका पातळीत आणून त्यांना पुन्हा गोलाई देण्याची अवजारे हौशी माणूस सहसा घेत नाही, आणि पावसाळ्यात नेक हलली की तो आपल्याकडेच येणार. मात्र तेव्हा तो काम समजून येईल, दरावरून घासाघीस करणार नाही.

किट विकणाऱ्यांनीही एवढे करावे: तारा चढवल्यानंतर ट्रस रॉड, नट, तारांची उंची आणि शेवटी इंटोनेशन, हा क्रम माहितीपत्रकात छापावा. पुढच्या अंकासोबत तो आम्ही एका सुट्या पानावर देत आहोत. दुकानात लावा आणि किट विकत असाल तर प्रत्येक खोक्यात एक प्रत टाका.