पोच द्या, साहेब

बँकेत एक खेप घातली की मजुरीचा एक दिवस बुडतो. हा हिशेब आमच्या वरवट बकालमधल्या कोणत्याही शेतमजूर बाईला तोंडपाठ आहे. काउंटरमागच्या साहेबांना तो माहीत नाही, असं मी मानत नाही. माहीत असूनही ते तिला बिनदिक्कत 'उद्या या' म्हणून परत पाठवतात, आणि माझ्या संतापाचं कारण तेच आहे.

शेजारच्या मावशीसोबत मी इथल्याच एका शाखेत गेलो होतो. दिवस कापूस वेचणीचे. वेचणीचे पैसे किलोवर, म्हणजे शेतात न गेलेल्या दिवशी हातात दमडी नाही. 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात जमा झालेले, पण केवायसीची मुदत संपली म्हणून खातंच अडकवून ठेवलेलं. तिनं मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पदराला बोट पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल दिवा. मग दुसरं बोट, तिसरं बोट. वर्षानुवर्षं निंदण-वेचणी करणाऱ्या हातावर रेषा उरतात कुठे? "बोटंच घासले माहे, साहेब, काय करू?" ती म्हणाली. साहेबांनी मानही वर केली नाही. "आधार अपडेट करून आण. चला, पुढचे कोण?"

आता नियम काय सांगतो ते पाहा. खातेदाराच्या माहितीत काहीच बदल नसेल, तर त्यानं तसं स्वतः लिहून दिलेलं पुरेसं आहे, त्यासाठी शाखेत येण्याची गरज नाही, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2023 मध्येच स्पष्ट केलं. जून 2025 मध्ये तिनं आणखी पुढचं सांगितलं. हे लिहून दिलेलं गावातल्या बँक मित्राकडेही चालेल, आणि मुदत संपण्याआधी बँकेनं खातेदाराला किमान तीनदा कळवावं, त्यातलं एकदा तरी पत्रानं. मावशीच्या घरी कसलंही पत्र आलेलं नाही. मी हे साहेबांपुढे मांडलं, तर उत्तर मिळालं, "आम्हाला वरून तसं काही आलेलं नाही." रिझर्व्ह बँकेच्याही वर कोण आहे, हे त्यांनी सांगावं.

गर्दी अचानक वाढली, ही सबबही खोटी आहे. जनधनची खाती 28 ऑगस्ट 2014 पासून उघडली गेली. साध्या, कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांनी पुन्हा करायची असते. म्हणजे 2024 नंतर ही झुंबड उडणार, हे खाती उघडली त्याच दिवशी कॅलेंडर पाहून सांगता आलं असतं. शेवटी 2025 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतींच्या पातळीवर शिबिरं घ्यावी लागली. हे दहा वर्षं आधी दिसत असताना बँका काय करत होत्या?

त्याच आठवड्यात आम्ही घरची मंडळी शेगावला गेलो. पूर्णा नदी ओलांडली की शेगाव. गजानन महाराजांच्या दर्शनाची बारी लांबच लांब होती, पण ती सरकत होती. वाटेत बसायला जागा, प्यायला पाणी, पायाखाली स्वच्छ फरशी. म्हाताऱ्या बाईला हात देणारा सेवेकरी तिला 'माऊली' म्हणतो, आणि तो तिथे पगाराविना राबतो. याचं श्रेय लोक श्रद्धेला देऊन मोकळे होतात. मला ते साफ नामंजूर आहे. श्रद्धा माणसाला शेगावला आणते, रांग मात्र कुणीतरी डोकं लावून आखावी लागते आणि रोज राबवावी लागते. 2021 मध्ये आपल्यातून गेलेल्या, शेगाव संस्थानच्या शिवशंकरभाऊ पाटलांनी आयुष्यभर तेच केलं. हजारोंच्या गर्दीत जे जमतं, ते पगारी नोकर असलेल्या शाखेत पन्नास माणसांपुरतं का जमू नये? आमच्या शाखेबाहेर बाया उन्हात भिंतीला टेकून उभ्या असतात. आत दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर फायलींचा ढीग.

शाखेत माणसं कमी आहेत, हे मी मान्य करतो. एक कारकून आणि आजूबाजूच्या खेड्यांची खाती, हा त्याच्यावरही अन्यायच आहे. भरती न करणारे मुंबईत बसतात आणि शिव्या तो खातो. पण ज्या बाईचं वय त्याच्या आईएवढं, तिला एकेरीत हाकलायला कुणी सांगितलं? खाली मान घालून बोलण्याचा मनुष्यबळाशी काय संबंध?

आणि हा प्रश्न एकट्या केवायसीचा नाही. पीककर्ज थकलं की अतिवृष्टीच्या मदतीच्या पैशावरही होल्ड बसतो. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नका, असं सरकारनं बजावूनही आमच्या भागातले शेतकरी तो होल्ड काढायला हेलपाटे घालतात.

म्हणून मावशीच्या नावानं मी लेखी अर्ज दिला. अर्ज घ्यायला ते तयार होते, पोच द्यायला नव्हते. कारण सरळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे जाता येतं. तेही फुकट. पोच नसेल तर ते तीस दिवस मोजायचे कुठून? मी काउंटरसमोरून हललो नाही. मागची माणसंही म्हणू लागली, "द्या ना साहेब, शिक्का मारून द्या." शेवटी शिक्का बसला, तारीख पडली. अर्जात आम्ही तीन गोष्टी मागितल्या आहेत: मावशीचं घोषणापत्र घेऊन खातं सुरू करा, केवायसीचा नियम मराठीत दर्शनी भागात लावा, आणि एखाद्याचं काम नाकारलं तर त्याचं कारण लिहून द्या. मुदतीत उत्तर आलं नाही, तर हाच कागद लोकपालाकडे जाईल. ज्यांना असा अर्ज लिहून हवा असेल, त्यांनी संध्याकाळी माझ्याकडे यावं. येताना पासबुक तेवढं सोबत आणा.